मोका पॉट आहे, शेकर आहे, तरी चव लागत नाही: घरच्या कॉफी-कॉकटेलमध्ये नेमकं काय बदलावं?

इंदिरानगरची_कपबशी

नमस्कार मंडळी. रोजची दोन कप कॉफी आणि शनिवारी घरीच दोन-तीन जणांपुरतं कॉकटेल, एवढाच मामला आहे. सामान असं: तीन कपांचा अॅल्युमिनियमचा मोका पॉट (गॅसवर ठेवायचा, वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारा), मिक्सरचं चटणीचं भांडं (बिया त्यातच दळते), जाळीच्या टोपणाचा तीन भागांचा स्टीलचा शेकर आणि ३०/६० मिलीचं पेगमाप. बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजणीच्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या. बजेट पंधरा हजार.

आता तक्रारी. कॉफी जळकट लागते आणि शेवटच्या घोटाला घशात कडू चिकटते. व्हिस्की सावर (व्हिस्की, लिंबू आणि साखरेचं कॉकटेल) पातळ होते, आधी आंबट आणि मग नुसतं पाणी. एस्प्रेसो मार्टिनीला (व्होडका आणि कॉफीचं कॉकटेल) फेस येत नाही. जिन-टॉनिकमधला गॅस पाच मिनिटांत जातो, मग ते गोड पाणी पीत बसायचं. आणि बर्फाला फ्रीजचा वास येतो, तो सगळ्यात उतरतो.

सगळं बजेट एस्प्रेसो मशीनवर घालावं का? "२० बार" (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलेली मशीनं या किमतीत दिसतात. की आहे त्यातच काही दुरुस्त करता येईल? नाशिकचा उन्हाळा लक्षात घेऊन सांगा, सध्या स्वयंपाकघरात दुपारी उभं राहवत नाही.

दळण_आधी

ताई, मशीन घेऊ नका. ग्राइंडर घ्या.

मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. त्यातून एकाच वेळी पिठासारखी भुकटी आणि जाड कण असं दोन्ही निघतं. भुकटीतून कडवटपणा जास्त उतरतो, जाड कण कच्चे राहतात आणि आंबट लागतात, आणि हे सगळं एकाच कपात येतं. वर भुकटी मोकाच्या जाळीत अडकली की पाण्याला वाट मिळत नाही, भांडं जास्त वेळ तापत राहतं आणि कॉफी जळते. तुमच्या पहिल्या तक्रारीचं अर्धं कारण इथेच आहे. स्टीलच्या बर्रचा (बिया दळणाऱ्या दातेरी चकत्यांचा) चांगला हाताचा ग्राइंडर तुमच्या बजेटच्या निम्म्यात बसतो. सिरॅमिकचे स्वस्त मिळतात, पण दांडा डुगडुगतो आणि दळण पुन्हा असमान येतं. सोबत ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. तो कॉकटेललाही लागेल.

उरलेलं अर्धं कारण गॅसवर आहे. तीन कपांच्या मोकासाठी असं करा:

पाणी आधी वेगळं उकळून घ्या. खालच्या भागात सेफ्टी व्हॉल्व्हच्या किंचित खालीपर्यंत भरा, साधारण १५० मिली. व्हॉल्व्ह पाण्यात बुडता कामा नये. १५ ते १७ ग्रॅम कॉफी, दळण बारीक रव्याइतकं. चाळणीत भरून बोटानं सपाट करा, दाबू नका. खालचा भाग गरम असतो, तेव्हा फडक्यात धरून वरचा भाग घट्ट पिळून बसवा. सैल राहिला तर जोडातून वाफ निसटते आणि कॉफी वर चढतच नाही.

आपल्या शेगडीवर हा छोटा पॉट नीट बसत नाही, म्हणून वर ठेवायची गोल जाळी घ्या. सगळ्यात लहान बर्नर, ज्योत मंद. ज्योत बुडाच्या बाहेर आली तर आधी मूठ वितळते आणि मग कॉफी जळते. झाकण उघडं ठेवा. नळीतून गडद, मधासारखी संथ धार यायला हवी. धार पिवळट पडून फुरफुर सुरू होते, त्या क्षणी गॅस बंद करून पॉटचं बूड नळाच्या पाण्याखाली धरा. ती फुरफुर म्हणजे पाणी संपत आलंय आणि तापलेली वाफ चोथ्यातून जातेय. घशाला चिकटणारा कडूपणा या शेवटच्या पंचवीस-तीस मिलीत असतो. तो येऊच द्यायचा नाही. कपात शंभर मिलीच्या आसपास मिळेल, तेवढंच घ्यायचं.

पाणी आधी का उकळायचं? गार पाणी भरलं तर ते तापेपर्यंत वरच्या चाळणीतली कोरडी पूड धातूवर भाजत राहते.

धुताना तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर नको. आतला थर खरवडला जातो आणि अॅल्युमिनियम काळं पडतं. मावशी भांडी घासत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. पण नुसतं विसळून ठेवणंही चुकीचंच. कॉफीचं तेल आत साचून खवट होतं. मऊ स्पंज, थोडा सौम्य साबण, मग तिन्ही भाग वेगळे ठेवून कोरडे करायचे. रबरी वॉशर कडक झाला किंवा त्याला भेगा पडल्या की बदला, तो आपल्या पॉटच्या मापाचाच घ्यावा लागतो.

मशीनबद्दल: एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब लागतो. खोक्यावरचा १५ किंवा २० हा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो, कपातल्या चवीशी त्याचा संबंध नाही. स्वस्त मशीनच्या चाळणीला खाली एकच बारीक भोक असतं, त्यातून दाबानं फेस काढतात. तो दिसायला क्रेमासारखा (खऱ्या एस्प्रेसोवर येणाऱ्या सोनेरी फेसासारखा) असतो, पण दळण वाईट असलं तरी येतो. मोकाचा दाब दीड बारच्या आसपास असतो, तेव्हा ती एस्प्रेसो नाहीच, पण दुधात आणि कॉकटेलमध्ये भागवण्याइतकी दाट नक्कीच असते.

बिया भाजल्यानंतर आठवडाभर थांबून वापरा, आणि पाकीट उघडल्यावर तीन-चार आठवड्यांत संपवा. एप्रिल-मे मध्ये ओट्याजवळचं कपाट चांगलंच तापतं, तिथे ठेवू नका. जास्त घेतल्या असतील तर आठवड्याच्या पुड्या करून, हवा काढून, फ्रीझरमध्ये. बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर गार बियांवर दव धरतं.

खडाबर्फ

कॉफीचं वर आलंच आहे. तुमच्या उरलेल्या तक्रारी बहुतेक बर्फाच्या आहेत, दारूच्या नाहीत. महागडी बाटली आणून यातलं काहीही सुटणार नाही.

आधी वास. उघड्या ट्रेमधला बर्फ आजूबाजूचा वास धरतो. आलं-लसणाची पेस्ट, सुकट, वाटलेला मसाला, सगळं त्यात उतरतं. झाकणाचा ट्रे घ्या, गोठल्याबरोबर खडे घट्ट डब्यात काढा आणि दहा-बारा दिवसांहून जुना बर्फ टाकून द्या.

मग पातळपणा. शेकरमध्ये तीन-चार खडे घालून हलवलं की थोडक्या बर्फाला सगळं काम करावं लागतं. तो जवळजवळ पूर्ण वितळतो आणि पेय तरी पुरेसं गार होत नाही. मग असं कोमट पेय ग्लासात ओतलं की तिथला बर्फही भराभर पाणी होतो. शेकर बर्फानं काठोकाठ भरा. दुसरं असं की नाशिकच्या उन्हाळ्यात ट्रे बाहेर काढून पाच मिनिटं ठेवला तरी खड्यांवर पाणी सुटतं, आणि ते पाणी थेट तुमच्या पेयात जातं. म्हणून लिंबू, सिरप, व्हिस्की सगळं मोजून शेकरमध्ये घाला, आणि बर्फ सर्वांत शेवटी, फ्रीझरमधून थेट. १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. शेकर हाताला झोंबायला लागला, बाहेरून पांढरा पडला, की थांबा. इतक्या हलवण्यात पेयात पाव ते एक तृतीयांश पाणी मिसळतं आणि ते हवंच असतं. त्याशिवाय पेय तिखट लागतं.

सावरचं प्रमाण, एका ग्लासला:
व्हिस्की ६० मिली
कागदी लिंबाचा रस २५ मिली
साखरेचं सिरप २० मिली

सिरप म्हणजे २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. उकळत ठेवलं तर पाणी उडून पाक होतो आणि माप बिघडतं. बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. पिठीसाखर थेट शेकरमध्ये घालू नका. गार दारूत साखर नीट विरघळत नाही, तळाशी बसते. तुम्हाला "आधी आंबट, मग पाणी" लागतंय त्याचं एक कारण हेही असू शकतं. लिंबं लहान असतात, एकाला १०-१५ मिलीच रस निघतो, म्हणून दोन धरा. "अर्धं लिंबू" हे माप कॉकटेलमध्ये चालत नाही. पिळताना साल जास्त चेपली तर तिचं कडू तेल उतरतं. रस त्याच संध्याकाळचा हवा. सकाळी काढून ठेवलेला रात्री मंद लागतो.

साधी भारतीय ब्लेंडेड व्हिस्की सावरला पुरेशी आहे. अमृत किंवा पॉल जॉनचं सिंगल माल्ट लिंबात घालू नका. ते नुसतं, किंवा अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत, चव उघडेपर्यंत प्यावं.

आता ग्लासातला बर्फ. मोठा आणि पारदर्शक खडा हवा असेल तर खास साचा घ्यायची गरज नाही. पोळ्या ठेवायचा दोन-अडीच लिटरचा कॅसरॉल घ्या, भांडी बाजारात सहज मिळेल. तीन चतुर्थांश पाणी भरून, झाकण न लावता, फ्रीझरमध्ये ठेवा. बाजूनं आणि खालून उष्णतारोधक थर असल्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा खाली ढकलली जाते. ट्रेमध्ये चारही बाजूंनी गोठतं, हवा मधोमध अडकते, म्हणून तो बर्फ पांढरा दिसतो. १८-२० तासांनी, तळाला अजून पाणी असतानाच काढा आणि ते पाणी ओतून द्या. पूर्ण गोठू दिलंत तर तळचा भाग ढगाळ होतो आणि पाणी फुगल्यानं कॅसरॉलचं आतलं भांडंही वाकू शकतं. लादी दहा मिनिटं ओट्यावर ठेवा. पृष्ठभाग कोरडा-पांढरा असताना ठोकली तर तिच्या ठिकऱ्या उडतात. ओलसर चमक आली की ब्रेडच्या करवती सुरीनं रेघ पाडा, सुरी रेघेतच ठेवून पाठीवर लाटण्यानं हलका ठोका द्या. सरळ तुटते.

टॉनिक: मोठी बाटली उघडली की दुसऱ्या ग्लासपर्यंत तिच्यात दम राहत नाही. लहान कॅन घ्या आणि आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. कोमट द्रवात वायू टिकत नाही, बर्फावर पडताच उसळून जातो. ग्लास बर्फानं भरा, ५० मिली जिन, मग १५० मिली टॉनिक ग्लासच्या कडेनं सावकाश. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. ढवळत बसू नका.

तुमचा तीन भागांचा शेकर गार झाला की टोपण आकसून अडकतं. पुढेमागे दोन स्टीलच्या पेल्यांचा, एकात एक बसणारा शेकर घ्या. बजेटमधून फार जाणार नाही.

डिकॉक्शन_प्रेमी

ग्राइंडरचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण दुधाची कॉफी रोज लागणार असेल तर मोकापेक्षा पितळी किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर जास्त भरवशाचा, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहायला नको हा फायदा वेगळा. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पूड, चकतीनं अगदी हलकं दाबायचं, मग उकळून अर्धं मिनिट थांबलेलं १२० मिली पाणी, आधी थोडंसं पूड भिजेपर्यंत आणि मग उरलेलं गोल फिरवत. १५ ते २० मिनिटांत थेंबथेंब उतरतं. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे किंवा पूड दाबली नाही. तासाभरानंही वर पाणी दिसत असेल तर दळण फार बारीक. एक भाग डिकॉक्शन (हा उतरलेला दाट अर्क), तीन भाग गरम दूध.

एक धोक्याची सूचना: ७०:३० किंवा ८०:२० (कॉफी आणि चिकोरी या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं प्रमाण) लिहिलेली चिकोरीवाली पूड मोकामध्ये घालू नका. चिकोरी भिजून चिकट होते, जाळी बंद पडते आणि दाब थेट व्हॉल्व्हवर येतो. ती पूड फिल्टरसाठीच.

इंदिरानगरची_कपबशी

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीनचा विचार बंद, ग्राइंडर आणि काटा ठरला. आणखी तीन गोष्टी विचारते.

घरात अंडं चालत नाही, मग सावरवर अंड्याच्या पांढऱ्यानं येतो तो मऊ फेस कसा आणायचा? पाणी आरओचं आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) २५ दाखवतं, कॉफीला चालेल का? आणि घरी नेहमी कुठली तरी नाशिकची वाइन अर्धी उघडी पडलेली असते, तिचं काय करता येईल?

खडाबर्फ

फेसासाठी काबुली चण्याचं पाणी. अंड्याइतकाच चांगला फेस येतो आणि अंड्याचा उग्र वासही नाही. एक वाटी चणे रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात मीठ आणि सोडा न घालता कुकरमध्ये शिजवा, पाणी चण्यांच्या वर दोन बोटं असू द्या. त्याच पाण्यात चणे गार होऊ द्या. गरम असतानाच गाळलं तर पाणी पातळ राहतं. गाळल्यावर मंद आंचेवर आटवा. चमच्यातून पडताना किंचित तार धरली, अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं, की झालं. ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर महिनाभर वापरता येतं. चण्यांची उसळ होतेच.

एका सावरला २५ मिली. सगळं एकत्र करून आधी बर्फाशिवाय १५ सेकंद हलवा. इथे टोपण दोन्ही हातांनी दाबून धरा. बर्फ नसताना आत थंडीची ओढ नसते, फेसाचा दाब मात्र वाढतो आणि टोपण उडतं. मग बर्फ भरून पुन्हा १२ सेकंद. फक्त शेकरच्या जाळीतून गाळा आणि ग्लास अर्धा मिनिट हलवू नका, फेस वर येऊन बसतो. वर अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) दोन-तीन थेंब. फेस मोठ्या बुडबुड्यांचा येऊन लगेच बसला तर पाणी कमी आटलंय.

दळण_आधी

टीडीएस २५ चं पाणी कॉफीला फार मोकळं आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चव काढायला मदत करतं, आणि त्यातला बायकार्बोनेट आंबटपणा सावरतो. दोन्ही नसले की कप टोकदार आंबट तरी लागतो किंवा पोकळ तरी. कॉफीवाले साधारण १५० च्या आसपास टीडीएस धरतात, ७५ ते २५० पर्यंत चालतं. बहुतेक आरओला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, सर्व्हिसवाल्याकडून ८०-१०० वर आणून घ्या. नाहीतर महापालिकेचं नळाचं पाणी उकळून, निवळून, गाळून आरओच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा आणि मीटरनं बघा. बोअरचं मात्र नको. आपल्याकडे काळ्या बसाल्ट दगडातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, कॉफी मातकट लागते आणि भांड्यात पांढरा थर साचतो.

पाण्याच्या तापमानाची चिंता करू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर असल्यानं इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पुढे कधी पोर-ओव्हर (गाळणीतल्या पुडीवर वरून पाणी ओतून केलेली कॉफी) केलंत तर उकळतं पाणी सरळ वापरा: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, पहिलं ४५ ग्रॅम ओतून ४० सेकंद थांबायचं, मग उरलेलं दोन-तीन वेळा, तीन मिनिटांच्या आसपास सगळं उतरायला हवं.

उन्हाळ्यासाठी कोल्ड ब्रू (गार पाण्यात भिजवून काढलेली कॉफी) करा. १०० ग्रॅम जाड दळलेली कॉफी, ८०० मिली पाणी, १६ तास. पण फ्रीजमध्येच. पुस्तकी कृतीत "खोलीच्या तापमानाला" म्हणतात ती खोली २०-२२ अंशांची असते. आपल्या एप्रिलमध्ये बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबूस वास येतो. आधी गाळणीतून, मग धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, चोथ्याची भुकटी उतरते. अर्क आणि पाणी किंवा दूध समप्रमाणात. आठवडाभर टिकतं.

दिंडोरीचा_मळा

वाइनचं मी सांगतो.

उघडी पांढरी वाइन, म्हणजे शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यॉं ब्लां, बूच लावून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस चांगली राहते. तांबडीही फ्रीजमध्येच ठेवा. उघड्या वाइनला हवा बिघडवते आणि उष्णता त्या बिघाडाला वेग देते. फेसाळ वाइनला दाबाचं खास बूच लागतं, तरी दोन दिवसांच्या वर नको.

तांबडी वाइन "खोलीच्या तापमानाला" द्यायची हे ऐकून लोक मे महिन्यात ३५ अंशांची शिराझ पितात आणि नुसता अल्कोहोलचा झणका लागतो म्हणतात. ती १६-१८ अंशांना हवी, म्हणजे उन्हाळ्यात पिण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये. पांढरी ८-१० अंशांना. न उघडलेल्या बाटल्या माळ्यावर किंवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका. तिथल्या उष्णतेनं वाइन फुगून बूच वर ढकलते आणि आतली चव शिजल्यासारखी होते. घरातली सर्वांत गार, अंधारी जागा बघा, बहुधा पलंगाखालची. बूच असेल तर बाटली आडवी, फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते.

उरलेल्या शिराझचा सर्वांत चांगला उपयोग तुमच्या सावरमध्येच आहे. मोठ्या खड्यावर सावर गाळा, मग चमच्याची पाठ बर्फाला टेकवून त्यावरून १५ मिली शिराझ अगदी सावकाश सोडा. सावरमध्ये साखर असल्यामुळे ती जड असते, वाइन वर तरंगते आणि तांबडा पट्टा स्पष्ट दिसतो. यालाच न्यूयॉर्क सावर म्हणतात. पट्टा मिसळून गढूळ झाला तर एकतर वाइन उंचावरून पडली किंवा खाली बर्फ कमी होता. वाइन घालायची असेल तेव्हा चण्याचं पाणी वगळा, फेसात पट्टा नीट दिसत नाही.

पांढरी उरली तर ९० मिली वाइन, ६० मिली गार सोडा, लिंबाच्या सालीची एक पट्टी. सिरप घालण्याआधी चाखून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लांमध्ये मुळातच थोडी गोडी ठेवलेली असते.

आणि नाशिकला राहून हे करायलाच हवं: जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात थॉमसन द्राक्षं घ्या, मीठ-सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा धुवा, फडक्यावर पूर्ण कोरडी करा, देठ काढून ताटात एकेरी थरात गोठवा आणि मग डब्यात भरा. ओली गोठवली तर सगळ्यांचा एक गोळा होतो. वाइनच्या ग्लासात सहा-सात टाकली की वाइन गार राहते आणि पाणी होत नाही. शेकरमध्ये मात्र ती बर्फाऐवजी चालणार नाहीत. तिथे पाणी सुटणं हाच कामाचा भाग आहे.

द्राक्षं स्वस्त झाली की घरीच वाइन लावायचा मोह होतो. परवान्याशिवाय मद्य तयार करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि घरी दारू गाळणं तर जिवावर बेतू शकतं. त्या वाटेला जाऊ नका. बाटल्या घरात ठेवायला आणि प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे प्रकार आहेत, तो काढून ठेवा. कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.

खडाबर्फ

एस्प्रेसो मार्टिनी राहिली होती. १९८०च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल यांनी केलेलं हे पेय, त्याचा फेस क्रेमावर उभा असतो. मोकाला क्रेमा जवळजवळ नसतो, म्हणून तुमचा फेस बसतो. उपाय सोपा आहे: ताज्या मोकाच्या ४० मिली कॉफीत अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी विरघळवा. तिचा फेस चिवट असतो. मोका नसेल तर ३० मिली गरम पाण्यात दोन चमचे इन्स्टंट, तेही चालतं. त्यात व्होडका ५० मिली, कॉफी लिकर (कॉफीचं गोड मद्य) ३० मिली, सिरप १० मिली. कॉफी दोन मिनिटं निवू द्या, पण तासभर आधी करून ठेवू नका, शिळ्या कॉफीला फेस धरत नाही. बर्फ काठोकाठ, २० सेकंद, आणि इथे सावरपेक्षा जास्त जोर. ग्लास आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. गाळताना थांबू नका, एका झटक्यात ओता. फेस शेवटी येतो आणि तोच जाळीत अडकून राहतो. कॉफीनं नशा उतरत नाही, फक्त झोप उडते, म्हणून माणशी एकच धरा आणि रात्री उशिरा नको.

लिकरची बाटली महाग पडते, ती घरी होते. ५०० मिली ओल्ड मंक किंवा व्होडका, ६० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, काचेच्या बरणीत १८ ते २४ तास, अधूनमधून हलवून. ४२.८ टक्क्यांचं मद्य पाण्यापेक्षा भराभर आणि जास्त कडू अर्क काढतं, म्हणून दोन-तीन दिवस ठेवायच्या भानगडीत पडू नका. फडक्यातून गाळा, शंभरेक मिली चोथ्यात जातंच, ते पिळून काढू नका. २५० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्याचं सिरप पूर्ण गार करून मिसळा. रमची असेल तर निम्म्या साखरेच्या जागी गूळ घाला, पण गुळाचं पाणी आधी गाळून घ्या, त्यात बारीक कचकच असते. साधारण २०-२२ टक्क्यांचं लिकर होतं. दोन दिवस बसू द्या, तळाला गाळ बसेल, वरचं निथळून दुसऱ्या बाटलीत भरा. गार, अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने सहज राहतं. चिकोरीवाली पूड यात अजिबात नको. तिचा गाळ बसतच नाही, बाटली हलली की पुन्हा सगळं गढूळ.